मोगरा तोच, आवडणारा कोण?

न्यायशास्त्र शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सहसा पहिल्यांदा पडतो तो अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’. सतराव्या शतकातला हा छोटेखानी ग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि ती अजूनही अभ्यासली जाते. जगात जे जे आहे त्याची आणि त्याच्या गुणांची मोजदाद हा या ग्रंथाचा विषय. रंग सात, चवी सहा, स्पर्श तीन असा हिशेब अन्नंभट्ट नावानिशी मांडत जातात. गंधापाशी आले की मात्र दोनच प्रकार सांगून पुढे सरकतात: सुगंध आणि दुर्गंध.

इथे जरा थांबायला हवं. चांगला रंग आणि वाईट रंग अशी वाटणी कुणी करत नाही. आंबट, खारट, तुरट या चवी कुणाला आवडोत न आवडोत, त्यांची नावं ठरलेली. गंधाच्या बाबतीत मात्र आवडनिवड थेट वर्गीकरणातच येऊन बसली आहे. ही अन्नंभट्टांची घाई नव्हे. न्यायाशी पदोपदी वाद घालणारं जैन दर्शनही पुद्गलाचे, म्हणजे जड द्रव्याचे, पाच रंग, पाच रस आणि आठ स्पर्श मोजतं, आणि गंध दोनच सांगतं. आजच्या प्रयोगशाळांत लोकांनी केलेली वासांची वर्णनं गोळा करून त्यांचं गणित मांडलं, तरी सगळ्यांत ठळक फरक हाच निघतो: हवासा की नकोसा. वास आला की माणूस आधी कौल देतो, नाव मागाहून शोधतो, आणि पुष्कळदा ते सापडतही नाही.

मग दिवाळीच्या उटण्याचं काय करायचं? नागरमोथा, आंबेहळद, कापूरकाचरी, गव्हला कचोरा, वाळा, थोडं चंदन. पहाटेच्या अंधारात पाटावर कुडकुडत बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला हा वास नकोसा होतो. मातकट, औषधी, नाकात ठाण मांडून बसणारा. तोच मुलगा सोळाव्या वर्षी जिन्यात रेंगाळेल एवढा बॉडी स्प्रे मारून कॉलेजला जातो आणि चाळिशीत उटण्याचं पाकीट फोडल्याबरोबर आधी नाकाशी धरतो. लग्नात मनगटाला हिना लावला की लहानपणी ज्यांचं डोकं उठायचं, त्यांतलेच काही पुढे हिन्याशिवाय दुसऱ्या अत्तराला हात लावत नाहीत. उलटंही घडतं. विशीत जिवापाड आवडलेला गुलाब पन्नाशीत गोडमिट्ट वाटू लागतो. यात नागरमोथा काही या कप्प्यातून त्या कप्प्यात गेला नाही. तो होता तसाच आहे. मग सुगंध-दुर्गंधाचा शेरा नेमका कुणावर मारलेला होता, वस्तूवर की माणसावर? आणि माणसावर असेल तर कोणत्या? सहा वर्षांच्या की चाळीस वर्षांच्या?

प्रश्न अत्तराच्या कुपीतून निघतो आणि थेट आत्म्यापर्यंत जातो. पण आधी आवड घडते कशी, ते पाहिलं पाहिजे.

ती जन्माच्याही आधीपासून घडू लागते. फ्रान्समधल्या बेन्वा शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवती स्त्रियांनी शेवटच्या दिवसांत विलायती बडीशेपेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. त्यांची बाळं जन्मानंतर काही तासांतच त्या वासाकडे तोंड वळवू लागली. ज्यांच्या आयांनी त्या खाल्ल्या नव्हत्या, ती बाळं तटस्थ राहिली किंवा तोंड फिरवू लागली. मोठ्या माणसांचा कौल तर नुसत्या शब्दानेही फिरतो. २००१ साली रेचल हर्झ यांनी दोन आम्लांचं एकच मिश्रण लोकांना दोनदा हुंगायला दिलं, एकदा पार्मेझान चीज म्हणून आणि एकदा ओकारी म्हणून. चीज म्हटल्यावर तो वास बरा वाटला. ओकारी म्हटल्यावर त्याच वासाने त्याच लोकांना शिसारी आली. कुपीत तेच होतं, हे त्यांना खरंच वाटेना.

आवडीवर संस्कृतीचा पगडा असतो असं आपण धरून चालतो. तो वाटतो त्याहून हलका आहे. अर्टिन अर्शामियान आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जंगलातल्या जमातींपासून महानगरांपर्यंतच्या २२५ माणसांना दहा वास आवडीच्या क्रमाने लावायला सांगितले. व्हॅनिलाचा वास सगळीकडे वर आणि घामट पायमोज्यांसारखा वास येणारं आयसोव्हॅलेरिक आम्ल सगळीकडे खाली. क्रमांत जो फरक पडला, त्यातला ४१ टक्के वाटा त्या त्या द्रव्याचा निघाला, संस्कृतीचा अवघा ६ टक्के, आणि ५४ टक्के ज्याच्या त्याच्या वैयक्तिक आवडीचे. म्हणजे ‘आमच्याकडे असंच आवडतं’ या म्हणण्याला फारसा आधार नाही. निम्म्याहून जास्त गोष्ट एकेका माणसाची आहे. म्हणूनच त्या एका माणसाची आवड बदलते तेव्हा काय बदललं, हे विचारणं भाग पडतं.

डॅनियल डेनेट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८८ सालच्या एका निबंधात हाच प्रश्न कॉफीच्या निमित्ताने विचारला. चेस आणि सॅनबॉर्न हे दोन कल्पित गृहस्थ कॉफीच्या कंपनीत चव पारखण्याचं काम करतात. कॉफीची चव वर्षानुवर्षं जराही हलू नये, यावर पहारा ठेवणं हीच त्यांची नोकरी. सहा वर्षांनी चेस कबूल करतो की कॉफीची चव पहिल्या दिवशी होती तशीच लागते, पण आता ती मला आवडत नाही. माझी अभिरुची पुढे गेली. सॅनबॉर्न म्हणतो, मलाही आवडत नाही, पण माझं कारण वेगळं. ती जुनी चव आजही मिळाली तर मला आवडेल. माझ्या जिभेचंच काहीतरी झालं आहे, ती चव मला आता येतच नाही. एक म्हणतो चव तीच, आवड बदलली. दुसरा म्हणतो आवड तीच, चव बदलली.

बाहेरून दोघं सारखेच दिसतात: कप पुढे सरकवणारे दोन नाराज गृहस्थ. डेनेट विचारतात, यांपैकी कोण बरोबर, हे खुद्द त्यांना तरी कसं कळणार? जुन्या चवीशी आजची चव ताडून पाहायची म्हणजे आठवणीशीच ताडायची. ती आठवणही सहा वर्षांत सरकली असेल तर? आतून पाहणाऱ्याला याचा निवाडा करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

मोगऱ्यावर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात दुपारी कळ्या बाजारात येतात तेव्हा त्यांना वास जेमतेम असतो. दिवेलागणीला त्या उमलू लागतात आणि खोली भरून जाते. त्या घमघमाटात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. तेच सुटं, दाट प्रमाणात हुंगलं तर विष्ठेची आठवण होते. मोगऱ्यात ते अगदी थोडं असतं आणि त्यानेच फुलाच्या गोडव्याला खोली येते. सकाळपर्यंत गजरा तांबूस पडतो, पाकळ्या मऊ होऊन दोऱ्याला चिकटतात, वास जड आणि आंबूस होतो. एका रात्रीत मोगरा सुगंधातून दुर्गंधात जातो, आणि दोन्हींचं बी पहिल्यापासून फुलातच असतं. आता एखादी स्त्री पन्नाशीला म्हणते, ‘हल्ली मोगरा सोसत नाही गं, डोकं चढतं.’ तिला इंडोलचा भाग पूर्वीपेक्षा जास्त जाणवू लागला असेल तर ती सॅनबॉर्न. वास अगदी तोच येतो, पण त्याच्याशी बांधलेल्या संध्याकाळी आता नकोशा झाल्या असतील तर ती चेस. तिला विचारून उपयोग नाही. ती एवढंच सांगेल की डोकं चढतं.

बाहेरून तपासलं तर थोडा उजेड पडतो. नाकाच्या वरच्या पोकळीतल्या गंधपेशी मेंदूतल्या बहुतेक पेशींसारख्या जन्मभर टिकत नाहीत; त्या मरत राहतात आणि त्यांच्या जागी नव्या येत राहतात. चाळिशीतलं नाक सहाव्या वर्षीच्या पेशींचं नसतं. गंध टिपणाऱ्या ग्राहकांचे जनुक लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधले. त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसात असे सुमारे चारशे ग्राहक कामाचे असतात, आणि कोणत्याही दोन माणसांत त्यांपैकी जवळजवळ तीस टक्के वेगळं काम करतात, असं २०१४ सालचं एक संशोधन सांगतं. अँड्रोस्टेनोन हे रानडुकरात आणि माणसाच्या घामात सापडणारं द्रव्य काहींना मुताच्या उग्र वासाचं वाटतं, काहींना चंदनासारखं, काहींना त्याचा वासच येत नाही. १९८९ साली चार्ल्स विसॉकी यांनी वास न येणाऱ्या मंडळींना ते काही आठवडे रोज हुंगायला लावलं, आणि त्यांतल्या कित्येकांना तो वास येऊ लागला. इथे बाजी सॅनबॉर्नची: नाकच बदललं.

कधी वस्तूही पाठीमागे बदललेली असते. लिलियाल या फुलांच्या वासाच्या द्रव्यावर युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. ज्यांत ते होतं त्या साऱ्यांची कृती बदलावी लागली, कुपी आणि नाव मात्र तेच राहिलं. देव्हाऱ्यातला कापूर आज बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. चंदनाचं झाड संकटात आल्याने चंदन म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ उदबत्त्यांत चंदन औषधालाही नसतं. ‘आजीच्या घरातला तो वास राहिला नाही’ ही तक्रार दरवेळी म्हातारपणाची नसते. पुष्कळदा ती शब्दशः खरी असते.

तरीही हे सगळं वजा केल्यावर काहीतरी उरतं. नाक धड आहे, अत्तर त्याच कारागिराचं आहे, आणि आवड फिरली आहे. इथून पुढे दर्शनांचा प्रांत सुरू होतो.

न्यायसूत्रांत आत्म्याच्या खुणा सांगितल्या आहेत. इच्छा आणि द्वेष त्यांत अग्रभागी आहेत. वात्स्यायनाचं भाष्य त्याची उकल करतं. एखाद्या वस्तूने पूर्वी सुख दिलं, ती पुन्हा दिसली, आणि ती हवीशी वाटली, तर पूर्वी सुख भोगणारा आणि आज इच्छा धरणारा एकच असला पाहिजे. एकाने भोगावं आणि दुसऱ्याला हवंसं वाटावं, असं होत नाही. द्वेषाचंही तसंच. म्हणजे आवड हा टिकाऊ आत्म्याचा पुरावा. पण पूर्वी सुख दिलेला मोगरा आज नकोसा झाला, तर? वरवर पाहता पुरावाच कोसळला. नैयायिक मात्र उलट म्हणेल की याने माझी बाजू अधिकच पक्की झाली. ‘मला पूर्वी आवडायचा, आता आवडत नाही’ हे वाक्य बोलायला दोन्ही टोकांना हजर असलेला कुणीतरी लागतो. आवड बदलल्याचं कळतं, म्हणजेच कळणारा बदललेला नाही.

बौद्ध हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते एक क्षण पुढच्या क्षणाला आपला ठसा देऊन जातो. मालक कुणी नसतो, परंपरा असते. हा ठसा कसा उमटतो, हे सांगताना असंग या योगाचार आचार्याने तिळाचा दाखला घेतला. तीळ फुलांत ठेवले की फुलं सुकून फेकून दिल्यावरही तिळांना सुवास राहतो. हा दाखला हवेतला नाही. कनोज आणि जौनपूरकडे चमेलीचं फुलेल अशाच रीतीने बनत आलं आहे. धुतलेले, सोललेले तीळ आणि ताजी फुलं यांचे थरावर थर घालायचे, फुलांनी वास सोडला की ती काढून नवी घालायची, असं कित्येकदा करून मगच तीळ घाण्यात पिळायचे. तेलात फूल नसतं, वास असतो. चाळिशीतल्या माणसात सहा वर्षांचा मुलगा नसतो, त्याच्या पहाटेचा ठसा असतो; आणि थरावर थर चढत गेले की वास बदलतोच. बौद्धांना यात नवल काहीच नाही.

दोघांपैकी एकाचा हात वर करायचा तर आवडीपुरता तो बौद्धांचा करावा लागेल. नैयायिक सिद्ध करतात ती साक्ष, आवड नव्हे. पूर्वी काय आवडत होतं हे सांगणारा एक असेलही; पण त्याला आवड चिकटलेली आहे असं त्यातून निघत नाही. गीतेने हा भेद फार स्पष्ट केला आहे. तेराव्या अध्यायात क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या शेतात, काय काय मोडतं त्याची यादी येते, आणि इच्छा आणि द्वेष हे दोन्ही तिथे, शेताच्या बाजूला, मोजले आहेत. शेत जाणणाऱ्याच्या बाजूला नाहीत. शंकराचार्यांनी भाष्यात इथे न्यायाच्या जोडीच्या वैशेषिकांचं नाव घेऊन सांगितलं आहे की ज्यांना ते आत्म्याचे गुण म्हणतात, ते क्षेत्राचे धर्म आहेत. आवडीनिवडी ज्याला ‘मी’ वाटतात, त्याने हे फार मनावर घेण्यासारखं आहे. ‘मी गुलाब न आवडणारा माणूस आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगतो, तेव्हा तो शेतातलं या हंगामाचं पीक दाखवून सातबारा वाचल्याचा आव आणत असतो.

इथे एक गैरसमज आडवा येतो, आणि तो धार्मिक घरांत फार पसरलेला आहे. वयाबरोबर माणूस गोड, भपकेदार वासांकडून वाळा, चंदन, धूप अशा शांत वासांकडे सरकतो आणि शेवटी सुगंधाची हौसच उरत नाही. ही वैराग्याची वाट आहे असं समजलं जातं. यातलं बरंचसं वैराग्य नसतं. रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली दाखवून दिलं की पासष्ट ते ऐंशी वर्षांच्या निम्म्याहून अधिक माणसांची गंधशक्ती लक्षणीय उतरलेली असते. ज्याला वास येत नाही त्याने अत्तर सोडलं, यात त्याग कुठला? याहून वाईट उदाहरण आपल्या समाजानेच घडवलं. नवरा गेला की बाईचा गजरा काढून घेतला, आणि पुढे पाच-दहा वर्षांनी तिने मोगऱ्याकडे पाहिलं नाही तर तिचं मन आता देवाकडे लागलं, असं म्हटलं गेलं. तिची आवड बदलली नव्हती. तिची मनाई झाली होती. या दोन गोष्टी एक मानणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय होता.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात यावर बोट ठेवलेलं आहे. आहार तोडलेल्या माणसापासून विषय दूर जातात, पण गोडी आत राहते, असा त्याचा आशय. ज्ञानेश्वर तिथे पानं खुडत राहून मुळाला पाणी घालणाऱ्याचा दाखला देतात. करोनाच्या साथीने हा श्लोक लाखो लोकांच्या अंगावर लिहिला. वास गेला, म्हणजे एक अख्खा विषय निघून गेला; पण कुणाला त्यातून निवृत्ती लाभल्याचं ऐकिवात नाही. लोक बाळाच्या टाळूच्या वासासाठी, फोडणीच्या वासासाठी झुरले. काहींना वास परत आला तो विपरीत होऊन: कॉफी जळकी, कांदा-लसूण कुजका. यांचं वस्तूंशी वैराचं नवं नातं जडलं, पण जुनी गोडी शाबूत राहिली. कॉफीच्या कपासमोर बसून कॉफीसाठी रडणारी ही माणसं सॅनबॉर्नची सख्खी भावंडं होती.

खऱ्या अर्थी सुटलेली आवड ओळखायची कशी, यावर पाली संयुत्त निकायात एक छोटी गोष्ट आहे. कोसल देशातल्या अरण्यात राहणारा एक भिक्खू जेवणानंतर तळ्यात उतरून कमळ हुंगत असे. त्या वनातल्या देवतेने त्याला गंधचोर म्हटलं. भिक्खू म्हणाला, मी काही घेत नाही, मोडत नाही, नुसता दुरून वास घेतो. हा दुसरा माणूस तर कमळं मुळासकट उपटतो आहे, त्याला का बोलत नाहीस? देवता म्हणाली, तो आधीच चिखलाने माखलेला आहे, त्याला काय सांगायचं. पण निर्मळ होऊ पाहणाऱ्याला केसाच्या टोकाएवढा डागही ढगाएवढा दिसतो. भिक्खूला ते पटलं. पुन्हा असं काही दिसलं तर सांग, अशी विनंती त्याने केली. देवतेने ती नाकारली: मी तुझी चाकर नाही, तुझं तूच ओळखायला हवंस.

तुझं तूच ओळख म्हणणं सोपं. ओळखायचं कसं, हीच तर डेनेट यांची अडचण. संत ऑगस्टिन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहिताना दहाव्या प्रकरणात एकेका इंद्रियाचा झाडा घेतला. जिभेशी आणि कानाशी त्यांची झटापट मोठी आहे. सुगंधापाशी आल्यावर मात्र ते सांगतात की त्याचं मला विशेष नाही. नसला तर शोधत नाही, असला तर नाकारत नाही. आणि लगेच पुढे आपल्याच वाक्यावर शंका घेतात. निदान मला तरी तसं वाटतं, कदाचित माझी फसगत होत असेल, कारण माझ्या आत काय दडलं आहे, यावर अंधार आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या प्रामाणिकपणापुढे आजच्या ‘मी आता त्यातून बाहेर आलोय’ या सहज उद्गाराने जरा संकोचायला हवं.

स्वतःच्या आवडीचा अंदाज आतून येत नसेल, तर बाहेर एखादी न हलणारी खूण हवी. उपासनेतले ठरवून दिलेले वास हे काम करत आले आहेत.

राजदरबारातली गंधकला रुचीच्या मागे धावत होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त सोळा द्रव्यांतली कोणतीही चार घेण्याचे १८२० प्रकार मोजले; प्रमाणं बदलत गेलं की हा आकडा पावणेदोन लाखांच्या घरात जातो. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीचा, मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ उजेडात आणला, त्यांतही मिश्रणांची अशीच रेलचेल आहे. मराठीत अत्तरविद्येवर जुनं लिखाण आहे, हे किती कमी मराठी माणसांना ठाऊक असतं! रुची बदलणार, राजा कंटाळणार, हे या शास्त्राने गृहीतच धरलं.

देवाच्या पुढ्यात मात्र भक्ताची रुची विचारली जात नाही. शंकराला केतकी चालत नाही, मग ती वाहणाऱ्याला कितीही प्रिय असो. विठ्ठलाला तुळस आणि बुक्का. देवासाठी काढलेलं फूल आधी हुंगायचं नाही, ही शिस्त मराठी घरांत मुलांना फार लवकर लागते. आपल्या पसंतीचा शिक्का त्यावर आधी बसू नये, असा तिचा अर्थ घेता येतो. ज्यू परंपरेत हे आणखी कडक आहे. ‘एक्झोडस’च्या तिसाव्या अध्यायात मंदिरातल्या धूपाची द्रव्यं सांगितली आहेत, आणि तसाच धूप स्वतःला हुंगण्यासाठी करणाऱ्याला समाजातून तोडावं, अशी आज्ञा आहे. त्या द्रव्यांत गॅल्बनम आहे. हा डिंक एकट्याने उग्र आणि दुर्गंधी मानला जातो. तालमूदमधले पंडित त्यावर म्हणतात की दुर्गंधी असूनही तो धूपात मोजला आहे, म्हणून ज्या उपासाच्या सभेत पापी लोक नाहीत ती सभाच पुरी नाही. सुगंध-दुर्गंधाची भिंत इथे देवळातच पाडलेली आहे.

महाराष्ट्रात असा वास दवण्याचा. चैत्री पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगरावर भाविक दवणा वाहतात. राखाडी हिरव्या, बारीक कातरलेल्या पानांची ती काडी बोटांत चुरली की आधी कडवट, औषधी झोत येतो. मग त्यातून पिकल्या फळासारखा गोडसर, मद्याळ वास वर येतो आणि बोटांवर बराच वेळ राहतो. लहान मुलं पहिल्या झोताला नाक मुरडतात. मोठ्यांपैकी कुणाला तो दुसरा वास कळायला वीस वर्षं लागतात, कुणाला कधीच कळत नाही. दरवर्षी वास तोच असल्यामुळे यंदा आपण त्यात काय हुंगलं, एवढं ज्याचं त्याला समजतं. चेस आणि सॅनबॉर्न यांच्या भांडणाचा निकाल याने लागत नाही. पण निदान कप तोच आहे याची खात्री राहते.

ही खात्रीच आता सुटत चालली आहे, आणि त्याची हळहळ धार्मिक मंडळींत फारशी दिसत नाही. बुक्क्यात स्वस्त सुवासिक रसायन, अष्टगंधात चंदनाचा नुसता भास, धूप म्हणून कोळशाच्या भुकटीवर ओतलेलं कृत्रिम अत्तर. देवळांच्या विश्वस्त मंडळांनी सोन्याच्या कळसाइतकीच काळजी पूजेतल्या गंधाच्या खरेपणाची घ्यायला हवी. सासवड-जेजुरीच्या पट्ट्यात दवणा अजून पिकतो. तो थेट शेतकऱ्याकडून घेता येतो. घरातली सहाणही अजून माळ्यावर गेलेली नाही. खोडाचा लहानसा तुकडा पाण्याचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं फिरवला की खरं चंदन कसं असतं ते नाकाला कळतं, आणि बाजारातली उदबत्ती त्याच्या शेजारी लावली की फरकही कळतो. शाळकरी मुलांच्या हाती हे खोड द्यावं. त्यांना तो वास आवडला नाही तर आवडला नाही म्हणू द्यावं, आणि तिसाव्या वर्षी पुन्हा विचारावं.